व्हाइट पेपर, औद्योगिक (सोलापूरचा टेरी टॉवेल व्यवसाय)

व्हाइट पेपर, औद्योगिक : धंद्यातली एखादी नेमकी अडचण, तिची कारणे आणि मोजून तपासलेला उपाय त्याच धंद्यातल्या जाणकारांपुढे ठेवणारा तांत्रिक लेख. शासनाची श्वेतपत्रिका (उदा., महाराष्ट्राची 2012 ची सिंचनावरील) धोरण आणि वस्तुस्थिती मांडते, तर कारखान्यातला व्हाइट पेपर काम कसे करावे ते सांगतो. तो परिषदेत वाचतात, व्यवसायाच्या नियतकालिकात छापतात किंवा संघटनेमार्फत सभासदांना देतात. तिन्ही ठिकाणी एक अट कायम असते, ती म्हणजे लेखात जाहिरात नको.

कंपनीचे नाव खोडले की ही अट पुरी होते, हा सर्रास आढळणारा गैरसमज आहे. ज्याला लेखकाकडून एक टॉवेलही घ्यायचा नाही, त्याला लेख वाचून आपल्या यंत्रावर तोच प्रयोग करता आला पाहिजे. शेजारच्या शेडमधला स्पर्धकही त्यात आला. तो प्रयोग करू शकत नसेल, तर नाव नसूनही ती जाहिरातच राहते.

सोलापूरची चादर आणि टेरी (लूप असलेल्या कापडाचा) टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीपासून शहरातल्या छोट्या शेडपर्यंत यंत्रमाग, साइझिंग (सुताला खळ देण्याचे) कारखाने आणि डाईंग हाऊस (रंगाईचे कारखाने) पसरलेले आहेत. मात्र त्यांतले बरेचसे ज्ञान डाईंग मास्टर आणि जॉबर (मागांची देखभाल पाहणारा कारागीर) यांच्या हातात व डोक्यात असते. माणूस काम सोडून गेला की तेही जाते. म्हणून इथे अशा लेखनाची गरज मोठी आहे. बोअरचे जड पाणी आणि रंगाच्या शेडमधला (छटेतला) फरक, पाइलचे (टॉवेलवरच्या लूपच्या थराचे) तंतू गळणे, बॉयलरच्या वाफेची गळती, सूत बदलल्यावर मागावर तुटणारे धागे असे विषय चालतात. एका पेपरात एकच प्रश्न घ्यावा. ‘टॉवेलची गुणवत्ता’ हा विषय होत नाही. ‘सॉफ्टनरमुळे नव्या टॉवेलचे शोषण का घटते’ हा होतो.

*मोजणी.* हाच विषय उदाहरणादाखल घेऊ. सिलिकॉन सॉफ्टनरने टॉवेल मऊ लागतो, पण त्याचा थर तंतूंवर बसल्याने नवा टॉवेल पाणी चटकन ओढत नाही. पेपरात सॉफ्टनरचे ब्रँडनाव न देता रसायनाचा प्रकार, ग्रॅम प्रति लिटर प्रमाण, बाथचा (रसायनाच्या द्रावणाचा) पीएच, तापमान, पिकअपची (कापडाने उचललेल्या द्रावणाची) टक्केवारी आणि वाळवण्याचे तापमान द्यावे. शोषण दोन रीतींनी मोजतात. थेंब चाचणीत (एएटीसीसी 79 ही प्रमाणित पद्धत) सुमारे 10 मिमी उंचीवरून थेंब सोडून त्याची चमक जाईपर्यंतचे सेकंद मोजतात. पृष्ठभाग-शोषण चाचणीत (एएसटीएम डी 4772 ही प्रमाणित पद्धत) हूपमध्ये (गोल कड्यात) ताणून बसवलेला तुकडा 60 अंशांत तिरपा ठेवून त्यावरून 50 मिलि पाणी सोडतात. खाली जमलेले पाणी वजा केले की शोषलेले कळते. टेरीसाठी दुसरी चाचणी अधिक उपयोगी आहे, कारण लूपमध्ये थेंब केव्हा मुरला हे डोळ्यांना नीट ठरवता येत नाही.

चाचणी कोऱ्या टॉवेलवर आणि ठरावीक धुण्यांनंतर अशी दोन्ही वेळा करावी आणि धुण्याची पद्धत (आयएसओ 6330 मधली कोणती) लिहावी. स्वतःचा टॉवेल तीनदा धुऊन आणि दुसऱ्याचा कोराच ठेवून केलेल्या तुलनेतला प्रत्येक आकडा खरा असतो, निष्कर्ष मात्र खोटा ठरतो. अनुभवी परीक्षक प्रथम हेच शोधतो.

वजनाच्या बाबतीत सोलापूरचे हवामान आडवे येते. प्रमाण वातावरण 20 अंश सेल्सिअस (±2) आणि 65 टक्के सापेक्ष आर्द्रता (±4) असे धरतात. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कापूस ओलावा सोडतो आणि प्रमाण स्थितीपेक्षा वजन 3 ते 4 टक्के सहज कमी भरते. 500 जीएसएमच्या (दर चौरस मीटरला 500 ग्रॅम वजनाच्या) टॉवेलवर हा फरक चौरस मीटरमागे 15 ते 20 ग्रॅमचा होतो. उन्हाळ्यातला नमुना आणि पावसाळ्यातला नमुना शेजारी ठेवून ‘वजन वाढले’ असे लिहिणारे पेपर इथेच फसतात. कंडिशनिंगची (नमुने प्रमाण वातावरणात ठेवण्याची) सोय नसेल, तर दोन्ही नमुने एकाच दिवशी, एकाच खोलीत मोजावेत आणि तापमान-आर्द्रता नोंदवावी. जीएसएम कटरचा तुकडा 100 चौ. सेंमीचा असतो, म्हणून ग्रॅममधल्या वजनाला 100 ने गुणतात. बॉर्डरला पाइल नसतो. तिथला तुकडा घेऊ नये.

एकाच लॉटमधले (एकदम तयार केलेल्या खेपेतले) दहा टॉवेल म्हणजे एक लॉट दहादा मोजणे. पाच लॉटमधून दोन-दोन घ्यावेत. सरासरीबरोबर सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडाही द्यावा.

*मांडणी आणि भाषा.* सहा ते दहा पाने पुरतात. प्रश्न, सध्याचे उपाय आणि त्यांच्या उणिवा, पद्धत, निष्कर्ष आणि मर्यादा असा क्रम ठेवावा. पेपराचा सारांश बाकीचा लेख पुरा झाल्यावरच लिहावा, नाहीतर लेखात नसलेली आश्वासने त्यात शिरतात. बचत रुपयांत न सांगता प्रति किलो माल किती लिटर पाणी, किती युनिट वीज, किती किलो इंधन अशी सांगावी; दर बदलले तरी ते आकडे टिकतात. कंपनीचे नाव लेखकाच्या हुद्द्यासोबत आणि हितसंबंधांच्या निवेदनात, एवढ्याच ठिकाणी यावे. ज्या यंत्रावाचून प्रयोग पुन्हा करता येणार नाही त्याचे मॉडेल पद्धतीत एकदा सांगायला हरकत नाही.

‘आमच्या आधुनिक प्रक्रियेमुळे पाण्याची प्रचंड बचत होते’ या वाक्यात वाचकाच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘सोपिंगनंतर (रंगाईनंतरच्या साबणाच्या धुण्यानंतर) वाहत्या पाण्याने न धुता बाथ भरून-सोडून दोनदा धुतले. फिक्या शेडमध्ये रंगाचा पक्केपणा तोच राहिला. काळ्या आणि गडद लाल शेडमध्ये ओल्या घर्षणाची प्रतवारी उतरली, म्हणून ही पद्धत त्या शेडना वापरू नये.’ शेवटचे वाक्य बहुतेक कारखानदार खोडू पाहतात. पण दुसऱ्याचा माल बिघडण्यापासून वाचवणारे वाक्य तेच असते, आणि जाणकार त्यावरूनच लेखकाची पारख करतो.

कृती गुप्त ठेवायची असेल तर तो विषय निवडूच नये. अर्धी रेसिपी सांगणारा पेपर बहुधा परत येतो. पेटंटचा विचार असल्यास अर्ज आधी करावा, कारण आधी प्रसिद्ध झालेली गोष्ट सहसा नवी मानली जात नाही. निर्यातीच्या मालावरची माहिती वापरण्यापूर्वी खरेदीदाराची लेखी परवानगी घ्यावी आणि त्याचे नाव न देता ‘हॉटेल वापराचा 600 जीएसएम टॉवेल’ असा उल्लेख करावा.

*सादर करणे.* 1939 साली स्थापन झालेल्या टेक्सटाइल असोसिएशन (इंडिया) चे स्वतःचे नियतकालिक आहे. अटिरा, बिट्रा, सिट्रा आणि निट्रा या वस्त्रोद्योग संशोधन संस्थांची संयुक्त तांत्रिक परिषद भरते. अशा ठिकाणी पेपर इंग्रजीत द्यावा लागतो. स्थानिक यंत्रमागधारकांसाठी मराठी आवृत्ती वेगळी करावी आणि ती आधीच्या पेपरवर आधारित असल्याचे तिच्यात नमूद करावे. एकच मजकूर एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवू नये.

आधी पेपर मागवणारे परिषदेचे किंवा नियतकालिकाचे आवाहन वाचून 200 ते 300 शब्दांचा सारांश पाठवतात. तो स्वीकारला गेला की पूर्ण पेपर. सारांशात निदान एक प्रत्यक्ष आकडा हवा. ‘निष्कर्ष परिषदेत सांगू’ असे लिहिलेला सारांश सहसा मागे पडतो. तक्ते फोटोच्या रूपात न चिकटवता संपादन करता येतील असे द्यावेत. चित्रे 300 डीपीआयची, वेगळ्या फाइलमध्ये असावीत. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो आकसलेला असतो, त्यात लूप दिसत नाहीत. मूळ फोटो ईमेलने मागवावा आणि शेजारी मोजपट्टी ठेवून काढायला सांगावे. मराठी मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर निरर्थक अक्षरांत उघडते, आणि रूपांतर केल्यावर जोडाक्षरे व आकडे पुन्हा तपासावे लागतात.

परीक्षकाच्या शेऱ्यांना एकेक करून उत्तर द्यावे : काय बदलले, कोणत्या पानावर, आणि काही बदलले नसेल तर का. नव्या चाचणीची मागणी आली आणि मूळ लॉटचे टॉवेल विकले गेले असतील, तर काम अडते. म्हणून प्रत्येक लॉटचे दोन टॉवेल, रेसिपी कार्ड आणि पाण्याच्या तपासणीचा अहवाल पेपर छापून होईपर्यंत बाजूला काढून ठेवतात.