शेतजमिनीतील नाणेशोध (नाशिक परिसर)

नांगरट, विहिरीची खोदाई, बांधबंदिस्ती किंवा जमिनीचे सपाटीकरण करताना जुनी नाणी व धातूच्या वस्तू वर येणे, तसेच अलीकडच्या काळात धातुशोधक यंत्राने त्या मुद्दाम शोधणे, या दोन्हींचा समावेश या नोंदीत केला आहे. नाशिक जिल्ह्यात गोदावरी, दारणा, कादवा, गिरणा आणि मोसम या नद्यांच्या काठची वस्ती फार जुनी आहे. सोपाऱ्याहून थळ घाट चढून पैठणकडे जाणारा व्यापारी मार्ग याच भागातून जाई. त्यामुळे क्षत्रप-सातवाहन काळापासून पेशवाईपर्यंतची नाणी येथल्या शिवारांत मिळतात. अभ्यासकांच्या दृष्टीने या साऱ्या सापडींत जोगळटेंभीच्या निधीचे महत्त्व सर्वाधिक आहे.

सापडीचे दोन प्रकार केले जातात. भांड्यात किंवा खड्ड्यात एकत्र पुरलेला तो निधी, आणि हरवलेले, सांडलेले किंवा वाहून आलेले ते फुटकळ नाणे. निधी कधी पुरला असावा याचा अंदाज त्यातील सर्वांत उशिराच्या नाण्यावरून बांधतात. फुटकळ नाण्याला तेवढाही आधार नसतो. त्यात पांढरीच्या मातीची भर पडते. जुन्या गावठाणांच्या टेकाडांची राखट, भुसभुशीत माती सुपीक म्हणून पिढ्यान्‌पिढ्या बैलगाड्यांनी आणि नंतर ट्रॉल्यांनी शेतात नेऊन टाकली गेली. धाब्याच्या घरांवरही तीच पसरली. तिच्याबरोबर खापरे, मणी, बांगड्यांचे तुकडे आणि नाणी मूळ जागेपासून दूर गेली. म्हणून काळ्या रानात सुटे सातवाहन नाणे मिळाले, तर तेथे सातवाहनकालीन वस्ती होती असे लगेच म्हणता येत नाही. आधी त्या शेतात पांढरी पडली होती का, हे गावातल्या जुन्या माणसांना विचारावे लागते. छापील अहवालांत ही विचारपूस क्वचितच दिसते.

जोगळटेंभीचा निधी : जोगळटेंभी (जोगलटेंभी) हे सिन्नर तालुक्यातील गाव गोदावरी-दारणा संगमाजवळ आहे. येथे १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा मिळाला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्यातील १३,२५० हून अधिक नाणी तपासली आणि आपले विवेचन रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. सर्व नाणी मूळची क्षहरात वंशातील क्षत्रप (पश्चिम भारतातील शक राज्यकर्ता) नहपान याची आहेत. मात्र त्यांतील सुमारे ९,२७० नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपले ठसे पुन्हा मारलेले आहेत.

नहपानाचे नाणे आकाराने लहान आणि वजनाला दोन ग्रॅमच्या आसपास असते. एका बाजूला राजाचे उजवीकडे पाहणारे मुख आणि भोवती ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूला बाण व वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपींत 'राञो छहरातस नहपानस' या आशयाचा लेख. ग्रीक अक्षरांतही भाषा प्राकृतच आहे. गौतमीपुत्राच्या टाकसाळीने ही चांदी वितळवली नाही. तयार चकतीवरच एका बाजूला त्रिकूट पर्वत, त्याखाली नागमोडी रेघ आणि राजाचे नाव, तर दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह (टोकांना चार गोल असलेली फुली) असे ठसे उमटवले. घाव नेहमी मधोमध बसत नसे. अशा वेळी उज्जयिनी चिन्हाच्या दोन गोलांमधून नहपानाचे नाक किंवा कानाची पाळी डोकावते, आणि पर्वताच्या कडेला बाणाचे टोक शिल्लक राहते. भिंगाखाली असे एक नाणे धरले की एका राजसत्तेवर दुसरी कशी बसली हे डोळ्यांना दिसते. नाशिकच्या इतिहासाला यापेक्षा बोलका पुरावा नाही.

नाण्यांवरील मुखांत बराच फरक आहे. काही तरुण, काही वृद्ध, काहींची चेहरेपट्टीच वेगळी. स्कॉट यांना ही सर्व एका माणसाची चित्रे वाटली नाहीत. दीर्घ कारकीर्द आणि ठसे कोरणाऱ्यांचे वेगवेगळे हात, एवढ्याने हा फरक समजावता येतो असे मानणारे अभ्यासकही आहेत. ठशांची क्रमवारी लावल्याशिवाय याचा निर्णय होणे कठीण आहे.

कालनिश्चितीचा वाद : निधीत नहपान आणि गौतमीपुत्र यांच्या दरम्यानच्या कोणाही राजाचे नाणे नाही. यावरून गौतमीपुत्राने प्रत्यक्ष नहपानाचाच पराभव केला, असा निष्कर्ष काढला गेला. पांडवलेणीतील क्रमांक ३ च्या लेण्यात गौतमीपुत्राचा मुलगा पुळुमावी याच्या १९व्या राज्यवर्षीचा, गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. त्यात तिच्या मुलाला क्षहरातांचा वंश निःशेष करणारा म्हटले आहे, आणि ते या निष्कर्षाशी जुळते. त्याच लेण्यातील गौतमीपुत्राच्या १८व्या वर्षीच्या आज्ञेत पश्चिम कखडी गावातील २०० निवर्तने (जमिनीचे जुने माप) शेत भिक्षूंना दिल्याची नोंद आहे. हे शेत पूर्वी ऋषभदत्ताकडे (उषवदात), म्हणजे नहपानाच्या जावयाकडे होते. लेखात शेताला लावलेले 'अजकालकिय' हे पद काहींनी शेताचे नाव म्हणून घेतले, तर काहींनी 'आजपर्यंतचे' असा अर्थ लावला. दुसरा अर्थ घेतल्यास सत्तांतर नुकतेच झाले होते, असे ठरते.

याविरुद्ध असेही मांडले गेले, की चांगल्या चांदीचे नाणे राजा गेल्यावरही दीर्घकाळ चालते, तेव्हा पुन्हा ठसे मारले एवढ्यावरून दोन्ही राजे समकालीन ठरत नाहीत. तत्त्वतः हा आक्षेप बरोबर आहे, आणि पुढे येणारे कृष्णराजाच्या रूपकांचे (चांदीच्या लहान नाण्यांचे) उदाहरण त्याला बळ देते. तरीही नाणी आणि लेख एकत्र पाहता समकालीनत्वाचे मत अधिक ग्राह्य वाटते.

प्रत्यक्ष सनांबद्दल मतभेद याहून खोल आहेत. ऋषभदत्ताच्या नाशिक येथील लेखांत ४१, ४२ व ४५ ही वर्षे येतात; जुन्नर येथील अमात्य अयम याच्या लेखात ४६ हे वर्ष आहे. ती शक संवताची मानल्यास नहपान इ. स. ११९ ते १२४ च्या सुमारास येतो, आणि जुन्या मराठी ग्रंथांत बहुधा हेच सन आढळतात. जो क्रिब यांच्यासारखे नाणकशास्त्रज्ञ ही नहपानाची राज्यवर्षे मानून त्याला पहिल्या शतकाच्या तिसऱ्या चतुर्थकात, साधारणपणे इ. स. ५४ ते ७८ दरम्यान ठेवतात. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात भडोचच्या राज्यकर्त्याचे जे नाव येते ते नहपानाचेच असल्यास त्यालाही हा काळ अधिक सोयीचा पडतो. आजचा कल दुसऱ्या मताकडे झुकलेला दिसतो.

हा साठा किती मोठा होता हे लेण्यांतील आकड्यांवरून कळते. ऋषभदत्ताने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे (व्यावसायिक संघांकडे) ३,००० कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) कायम ठेव ठेवली : २,००० दरमहा शेकडा एक दराने आणि १,००० दरमहा शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० होते, आणि तेवढ्यात वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी (भिक्षूंच्या वस्त्रासाठी) मिळत. लेखांतील कार्षापण म्हणजे हेच चांदीचे नाणे असे धरले, तर जोगळटेंभीचा साठा या संपूर्ण ठेवीच्या चौपटीहून मोठा भरतो. त्याच लेखांत ३५ कार्षापणांना एक सुवर्ण (सोन्याचे नाणे) असा दर आहे. त्या हिशेबाने तो सुमारे ३७८ सुवर्णांचा होतो. एखाद्या शेतकऱ्याची किंवा किरकोळ दुकानदाराची ही पुंजी नव्हे. व्यापारी श्रेणीचा गल्ला किंवा सरकारी खजिन्याचा भाग, या दोन शक्यता उरतात. सुमारे तीस टक्के नाणी ठशांविना राहिली, हे लक्षात घेता ठसे मारण्याचे काम चालू असतानाच किंवा त्यानंतर लवकरच निधी पुरला गेला असावा.

कृष्णराजाची रूपके : बागलाण भागातील देवळाणे येथे मिळालेली चांदीची लहान नाणी हा दुसरा महत्त्वाचा समूह. त्यांवर राजाचे मुख, बसलेला नंदी आणि कृष्णराज परममाहेश्वर (शिवाचा परमभक्त) व मातापित्यांच्या चरणांचे ध्यान करणारा असल्याचा लेख आहे. आरंभी ती राष्ट्रकूट कृष्ण पहिला याची मानली गेली. त्यांची घडण गुप्तांच्या पश्चिमेकडील चांदीच्या नाण्यांशी जुळते आणि अक्षरांचे वळण सहाव्या शतकाचे आहे. त्यामुळे ती कलचुरी कृष्णराजाची (अंदाजे इ. स. ५५०–५७५) हे मत आता मान्य झाले आहे, वा. वि. मिराशी यांनी ते साधार मांडले. अंजनेरी येथे मिळालेल्या भोगशक्ती या राजाच्या ताम्रपटात (कलचुरी संवत ४६१, इ. स. ७१०) 'कृष्णराज-रूपक' या नावाने हे नाणे येते. म्हणजे काढणारा राजा जाऊन सुमारे दीडशे वर्षे झाली तरी नाशिक भागात ते चलनात होते. शेतात असे रूपक मिळाले तर ते सहाव्या शतकात पडले असेल किंवा आठव्यातही.

उत्तरकाळातील नाण्यांत तांब्याच्या शिवराया सर्वत्र मिळतात, चांदवडच्या टाकसाळीचे रुपयेही आढळतात.

यंत्र : धातुशोधकाचे तत्त्व १८८१ मध्ये अलेक्झांडर ग्राहम बेल यांनी वापरले. जखमी अमेरिकी राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी त्यांनी असे उपकरण बनवले होते. दुसऱ्या महायुद्धात सुरुंगशोधकांमुळे ते सुटसुटीत झाले. वेटोळ्यातून जाणाऱ्या प्रत्यावर्ती प्रवाहामुळे जमिनीतील धातूत भोवरी प्रवाह निर्माण होतात. त्यांचे क्षीण चुंबकीय क्षेत्र दुसरे वेटोळे टिपते. सामान्य यंत्रे काही किलोहर्ट्‌झपासून काही दशक किलोहर्ट्‌झपर्यंतच्या कंप्रतेवर चालतात. परत येणारा संकेत मूळ संकेताच्या किती मागे पडतो (कलांतर) यावरून लोखंड आणि चांदी-तांबे यांत फरक करता येतो. रुपयाएवढे नाणे साधारण वीत-दीड वीत खोलीपर्यंत कळते, नहपानाच्या नाण्याएवढे त्याहून कमी.

नाशिकच्या जमिनीत हे काम इतके सरळ नाही. येथील काळी माती बेसॉल्टची झीज होऊन बनलेली आहे आणि तिच्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. ते स्वतःच संकेत देतात, त्यामुळे यंत्राचे भूसंतुलन (मातीचा संकेत वगळण्यासाठीची जुळणी) वारंवार करावे लागते. एखादा लोहयुक्त दगडही नाण्यासारखा बोलतो. द्राक्षबागांत लोखंडी अँगल आणि तारांचा मांडव असल्याने ओळींमधून यंत्र जवळजवळ निरुपयोगी ठरते. मोकळ्या रानातही बैलांच्या पत्र्या, नट-बोल्ट, फाळाचे तुकडे आणि औषधांच्या पुड्यांची चमकी हेच आधी लागते. रामकुंडात दोरीला लोहचुंबक बांधून नाणी काढणाऱ्यांच्या हाती आजची पोलादी नाणी येतात. चांदी, तांबे किंवा पोटीन (तांब्याची हलकी मिश्रधातू) त्याला चिकटत नाही.

कायदा : जमिनीत दडलेल्या मूल्यवान वस्तूंना भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ लागू होतो. किंमत दहा रुपयांहून अधिक असल्यास सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. ही मर्यादा १८७८ चीच असल्याने आज व्यवहारात कोणतेही जुने नाणे तिच्या वर जाते. निधी बेवारस ठरल्यास आणि वेगळा करार नसल्यास तीन हिस्से सापडणाऱ्याला आणि एक हिस्सा जमीनमालकाला मिळतो. शासनाला तो हवा असल्यास धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक देऊन घेता येतो. दडवून ठेवल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, शिवाय हिस्सा जातो. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते आणि ते खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. पांडवलेणीसारख्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र असते. इंग्लंडमध्ये १९९६ चा निधी कायदा आणि १९९७ पासूनची सापड-नोंदणी योजना यांमुळे छंदी शोधकांच्या किरकोळ वस्तूही जागेसह नोंदल्या जातात. आपल्याकडे अशी व्यवस्था व्हायला हवी, कारण नाशिकसारख्या जिल्ह्यात ट्रॅक्टरच्या खोल नांगरटीने दरवर्षी नवे थर उलटत आहेत. गुप्तधनाच्या नावाखाली होणारे अघोरी प्रकार हा वेगळा विषय असून त्यांना महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने बंदी आहे.

जागेचा पुरावा नष्ट झाल्याने काय होते, याचे जवळचे उदाहरण प्रवरेकाठच्या दायमाबादचे (जि. अहिल्यानगर) आहे. तेथील काशाची चार शिल्पे १९७४ मध्ये उत्खननाबाहेर, झाडाचे मूळ खणताना मिळाली. एकूण साठ किलोंहून अधिक वजनाच्या या अप्रतिम शिल्पांचा काळ आजही वादात आहे, कारण ती कोणत्या थरात होती हे नोंदले गेले नव्हते. याउलट नाशिक शहरातील मातीच्या गढीवर १९५०–५१ मध्ये ह. धी. सांकलिया व शां. भा. देव यांनी केलेल्या उत्खननात प्रत्येक वस्तू थरासह नोंदलेली आहे.

नाणकशास्त्राच्या संशोधनासाठी १९८० मध्ये स्थापन झालेली संस्था नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरी येथे असून परमेश्वरीलाल गुप्त हे तिचे पहिले संचालक होते. सापडलेले नाणे चिंच, लिंबू किंवा राखेने घासू नये. चांदीत मिसळलेल्या तांब्याची हिरवी पुटे निघताना ठशाच्या कडा आणि पुन्हा मारलेल्या ठशाखालची जुनी अक्षरेही जातात. नाणे मातीसकट कागदात गुंडाळावे. त्यावर गट क्रमांक, खोली, सापडल्याची तारीख, सोबत खापर किंवा भांडे होते का आणि त्या शेतात पांढरी टाकली होती का, एवढे लिहून ठेवावे.