शेवटचं गाणं खरंच रडत रडत गायलेलं असतं का?

‘शोकांत संगीतपटाच्या शेवटी नायिका प्राण सोडताना गाते, ते कलाकाराने कॅमेऱ्यासमोर, खऱ्या अश्रूंसह, एका दमात गायलेलं असतं’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तो प्रसंग इतका भिडतो की हे खरं वाटणं अगदी स्वाभाविक आहे.

प्रत्यक्षात बहुतेक संगीतपटांत गाणं आधी स्टुडिओत ध्वनिमुद्रित होतं. चित्रीकरणाच्या वेळी ते सेटवर वाजवतात आणि कलाकार त्यावर ओठ हलवतात. कारण साधं आहे: एकच कडवं दुरून, जवळून, बाजूने असं अनेकदा चित्रित होतं. दर वेळी गायलं तर लय आणि सूर थोडे बदलणारच, मग ते तुकडे जोडायचे कसे?

हे घरीच पडताळता येतं. चित्र दुरून जवळ येतं तेव्हा आवाजही जवळ येतो का, ते ऐका. बहुतेकदा तो तसाच राहतो. ओळ सुरू होण्याआधीचा श्वास छातीत, गळ्यात दिसतो का, तेही पाहा. आणि माझी आवडती खूण: खरं रडताना नाक चोंदतं आणि ‘म’ ‘ब’सारखा ऐकू येतो. गालावर अश्रू ओघळत असताना ‘म’ स्वच्छ ऐकू आला, तर तो आवाज बहुधा त्या क्षणाचा नाही.

अपवाद आहेत. 2012च्या ‘ले मिझराब्ल’मध्ये कलाकार सेटवरच गायले, कानात पियानोची साथ होती, वाद्यवृंद नंतर जोडला.

अश्रू मात्र दोन्ही पद्धतींत खरे असू शकतात. स्वतःच्याच नाही, दुसऱ्याच्या आवाजावरही कलाकार मनापासून रडतो.