चित्रकथी की कळसूत्री? इंग्रजीच्या तासाला डिजिटल स्टोरीटेलिंग आणि ॲनिमेशन

कुडाळला लागून असलेल्या पिंगुळीतले ठाकर कलाकार रामायण-महाभारतातल्या गोष्टी वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगतात. एक तऱ्हा चित्रकथीची. पोथीतलं एक चित्र समोर धरायचं, वीणा, हुडूक आणि टाळाच्या साथीनं त्यावरचं कथन गायचं, मग पुढचं चित्र काढायचं. दुसरी तऱ्हा कळसूत्री बाहुल्यांची. तिथं लाकडी रावण दोऱ्यांवर थयथयाट करतो आणि बोल त्याच्या हातवाऱ्यांना जुळवून येतात. या परंपरा जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ची पद्मश्री जाहीर झाली. दोन्ही कला एकाच समाजात नांदतात, पण चित्रकथीला बाहुल्यांचा खेळ कुणी म्हणत नाही. चित्रकथीत आवाज थांबला की गोष्ट थांबते. बाहुल्यांत आवाज क्षणभर गप्प बसला तरी रावण नाचतच असतो आणि पोरं हसत असतात.

आम्हा इंग्रजीच्या शिक्षकांना मात्र हा फरक अजून नीट उमगलेला नाही. एका प्रशिक्षणात ‘डिजिटल स्टोरीटेलिंग’ नावाचं सत्र होतं. दोन तास कार्टून बनवायचं ॲप शिकवलं गेलं आणि शेवटी प्रत्येक गटानं आपली फिल्म दाखवली. पहिलं बक्षीस मिळालेल्या फिल्ममध्ये तयार साच्यातला सूटबूटवाला माणूस फळ्याकडे बोट दाखवत होता आणि बोलत होता यंत्राचा आवाज. ती फिल्म बनवताना त्या गटातल्या एकाही शिक्षकाच्या तोंडून इंग्रजी वाक्य निघालं नव्हतं. टाळ्या मीही वाजवल्या.

घोटाळा होतो, कारण डिजिटल स्टोरीटेलिंग आणि ॲनिमेशन या दोन्ही वाटांच्या शेवटी मोबाईलमध्ये एकसारखी एमपी-फोर फाइल पडते.

डिजिटल स्टोरीटेलिंगचा जन्म कार्टूनवाल्यांकडे झालेला नाही. डेना ॲचली हा अमेरिकी कलावंत रंगमंचावर मागे स्वतःच्या घरचे फोटो आणि फिल्मा लावून आपल्याच आयुष्यातल्या गोष्टी सांगायचा. त्याच्या जोडीला नाट्यक्षेत्रातला जो लॅम्बर्ट आला आणि १९९४मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचं केंद्र उभं राहिलं. ते पुढे बर्कलीला गेलं आणि ‘सेंटर फॉर डिजिटल स्टोरीटेलिंग’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. आता त्याचं नाव स्टोरीसेंटर आहे. त्यांच्या कार्यशाळेत आधी सगळे गोल करून बसतात आणि प्रत्येक जण आपली गोष्ट तोंडी सांगतो. इतरांनी ऐकल्यावर ती कागदावर उतरते, कापून-छाटून अडीचशे-तीनशे शब्दांवर येते, सांगणाऱ्याच्याच आवाजात रेकॉर्ड होते आणि सगळ्यात शेवटी तिच्यावर घरचे फोटो बसतात. दोन-तीन मिनिटांत खेळ खलास. वेल्समध्ये बीबीसीनं २००१ ते २००८ या काळात ‘कॅप्चर वेल्स’ नावानं गावोगावच्या साध्या माणसांकडून अशा गोष्टी करून घेतल्या. त्यातही भर होता तो माणसाच्या आवाजावर.

ॲनिमेशनचा धंदा वेगळा. न हलणारी वस्तू हलल्याचा भास करायचा. सिनेमात सेकंदाला २४ चौकटी पळतात. चित्र काढणारे बहुतेकदा एकेक चित्र दोन चौकटींना वापरून १२वर भागवतात. आपल्याकडे हे वेड दादासाहेब फाळक्यांपासूनचं. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी त्यांनी कुंडीतलं वाटाण्याचं रोप दिवसादिवसानं टिपून ते पडद्यावर भराभर उगवताना दाखवलं होतं. पुढे त्यांनी आगकाड्याही नाचवल्या. यातल्या कशालाही शब्दांची गरज नव्हती, आणि मूक चित्रपटांच्या त्या काळात ते बरंच होतं. इंग्रजीच्या तासाला मात्र नेमका तिथंच पेच पडतो. ॲनिमेशन भाषेवाचून पुरं होऊ शकतं. डिजिटल गोष्ट होऊ शकत नाही.

आता वर्गात काय घडतं ते बघू. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे सातवीतल्या मुलीच्या पाठीशी सहा-सात वर्षांचं इंग्रजी असतं. तरी आयुष्यात कधी एक मिनिट सलग इंग्रजी बोलण्याची वेळ तिच्यावर आलेली नसते. आम्ही एकेका वाक्याच्या उत्तरांवर परीक्षा काढतो, तीही त्यावरच निभावून नेते.

माझ्या वर्गातल्या अशाच एका मुलीनं मे महिन्यातली एक दुपार सांगायला घेतली. आजीनं रातांब्याची सोलं खळ्यात वाळत घातली होती. अवकाळी पाऊस आला आणि घरातली सगळी धावली. आधी तिनं ते मालवणीत सांगितलं, सगळा वर्ग हसला. मग इंग्रजीत लिहून आणलं. पहिल्या कागदावर ‘वी रन्ड’ होतं. ते ‘वी रॅन’ झालं, ती काही मोठी गोष्ट नाही. खरी गंमत रेकॉर्डिंगला सुरू झाली.

स्टुडिओ म्हणजे आमची पोषण आहाराची खोली. तांदळाची पोती भिंतीला लावलेली असतात, त्यामुळे आवाज घुमत नाही. सबंध शाळेत एवढी शांत जागा दुसरी नाही. तिथं मोबाईल पोत्यावर ठेवून ती वाचू लागली: ‘वी पिक-एड द सोलं, वी कॅरी-एड देम, माय ग्रँडमदर शाउट-एड.’ भूतकाळातलं ते शेपूट आपण सरसकट ‘एड’ असंच वाचतो. मी फक्त रेकॉर्डिंग ऐकवलं. तिनं स्वतःच कपाळाला हात लावला. मग आम्ही तीन शब्द घेऊन बसलो: ‘पिक्ट’मध्ये शेवटी ट, ‘कॅरीड’मध्ये ड आणि ‘शाउटिड’मध्येच काय तो वेगळा इड. फळ्यावर मी हे याआधी चारदा तरी शिकवलं असेल. पण फळ्यावरचं माझं होतं आणि हे तिच्या आजीचं होतं. सातव्या रेकॉर्डिंगला तिन्ही शब्द जागेवर आले. आठवं तिनं मागून घेतलं, कारण सातव्यात ‘ग्रँडमदर’ म्हणताना तिला हसू फुटलं होतं.

शंभर शब्दांची गोष्ट आठ वेळा, म्हणजे आठशे शब्द तोंडातून गेले. एवढं इंग्रजी ती सबंध सहामाहीत बोलली नव्हती. चित्रं किती? सहा. दोन मोबाईलवर काढलेले फोटो, चार वहीतल्या पानावरची चित्रं. पाऊस हलत नाही, आजी हलत नाही. ऐकणाऱ्याला कुठेही काही कमी वाटत नाही.

त्याच वर्षी मुलांच्या एका गटानं मातीचा बोकड एसटीत बसवला. ही स्टॉप मोशन फिल्म. मोबाईल पुस्तकांच्या थप्पीवर रबरबँडनं बांधायचा, बोकड इंचभर सरकवायचा, फोटो, पुन्हा सरकवायचा, पुन्हा फोटो. सेकंदाला बारा फोटो काढायचे तर एका मिनिटाला ७२० होतात. तेवढ्यात शाळेला दिवाळीची सुट्टी लागेल. आम्ही सहांवर आलो. हालचाल अडखळते, पण बोकड मुळातच अडखळत चालतो. वीस सेकंदांच्या फिल्मला १२० फोटो आणि तीन तासिका गेल्या. शाडूच्या मातीला पहिल्याच दिवशी भेगा पडल्या म्हणून रंगीत खेळमाती आणली, तर उन्हानं बोकडाचे पाय बसू लागले. शेवटी पायांत तारा घातल्या.

फिल्ममध्ये कंडक्टर म्हणतो, ‘टिकेट प्लीज.’ बोकड तिकीटच खातो आणि म्हणतो, ‘आय वॉज हंग्री.’ कंडक्टर ओरडतो, ‘गेट डाउन!’ (पुस्तकी इंग्रजीत ‘गेट ऑफ’ हवं. पण कोकणातला कंडक्टर ‘गेट ऑफ’ म्हणेल यावर वर्गाचा विश्वास बसेना, आणि खरं सांगायचं तर माझाही.) हिशेब केला तर सगळ्या फिल्ममध्ये सात शब्द. तीन तासिका आणि सात शब्द!

फिल्म सगळ्यांना आवडली, मलाही. पण पहिल्या तासाला मी मागे उभी राहून ऐकत होते, तर टेबलाभोवती अखंड मालवणी चाललेली. ‘हात काढ रे मेल्या, फोटोत येतासा!’ तेव्हा लक्षात आलं की ॲनिमेशनमधलं इंग्रजी पडद्यावर शोधून मिळायचं नाही. ते टेबलाभोवतीच पेरावं लागतं. दुसऱ्या तासाला मी फळ्यावर आठ वाक्यं लिहिली: मूव्ह इट अ लिटल, नॉट सो मच, युवर हँड इज इन द पिक्चर, टर्न इट लेफ्ट, वेट, अशी. कॅमेऱ्याजवळ फक्त हीच चालतील. १२० फोटोंमध्ये ती वाक्यं किती वेळा झाली असतील याची मोजदाद नाही. आठवडाभरानं मधल्या सुट्टीत एक मुलगा दुसऱ्याला बाकावरून सरकवताना म्हणाला, ‘मूव्ह अ लिटल.’ हे पडद्यावर कुठेच दिसत नाही, आणि फिल्म बघून गुण देणाऱ्या परीक्षकाला तर मुळीच नाही.

म्हणून माझा ठोकताळा असा. सलग बोलणं, भूतकाळ, ‘मग काय झालं’ सांगणं, शब्दांचे उच्चार आणि कुठे थांबायचं हे शिकवायचं असेल तर डिजिटल गोष्ट. आज्ञा, सूचना, ‘अंडर’, ‘बिहाइंड’, ‘नेक्स्ट टू’ अशी जागा दाखवणारी शब्दयोजना, छोटे सवाल-जवाब असतील तर ॲनिमेशन. उलटं केलं तर मुलं रमतात, तास मजेत जातो आणि इंग्रजी होतं तिथंच राहतं.

संगणक असेल तर स्क्रॅच हे मुलांसाठीचं सॉफ्टवेअर या दोहोंच्या मधे उभं आहे. एमआयटीच्या मीडिया लॅबनं २००७मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं, तेही फुकट. त्यात ठोकळे जोडून पात्रं हलवायची आणि बोलवायची. आदेश इंग्रजीत ठेवले तर ‘मूव्ह टेन स्टेप्स’, ‘से हॅलो फॉर टू सेकंड्स’ वाचल्याशिवाय त्यातलं मांजराचं पात्र जागचं हलत नाही. एक जागा मला फार आवडते. मांजर दोन सेकंद बोलणार असेल तर समोरच्या कुत्र्याला तेवढा वेळ ‘वेट’चा ठोकळा लावावा लागतो. नाही लावला तर दोघे एकदम बोलतात, थेट टीव्हीवरच्या चर्चेसारखे. ते टाळायला मुलाला आपलंच वाक्य मोठ्यानं वाचून बघावं लागतं: दोन सेकंदांत होतं का? लांब वाक्य तोडावं लागतं. ही संपादनाची शिकवण आहे, पण मुलाला ती खोडी काढल्यासारखी वाटते.

तयार पात्रं आणि तयार हावभाव पुरवणाऱ्या ॲपांबद्दल मी फारशी उत्साही नाही. मुलांचा निम्मा तास पात्राच्या शर्टाचा रंग निवडण्यात जातो. त्यातलं यंत्राच्या आवाजाचं बटण तर मी आधी बंद करायला सांगते. ते बटण दाबलं की बोलण्याचं काम मुलाच्या अंगावरून उतरतं आणि आपल्याला नेमकं तेच काम त्याच्याकडून करून घ्यायचं असतं. यूट्यूबवरचं कार्टून वर्गात लावणं तर यांपैकी काहीच नव्हे. तो ऐकण्याचा तास, आणि ऐकण्याचा म्हणून चांगलाही असू शकतो.

ॲनिमेशनच्या बाजूची एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. स्वतःची गोष्ट स्वतःच्या आवाजात सांगायची म्हणजे मूल उघडं पडतं. गोलात बसल्यावर कधी घरातलं भांडण बाहेर येतं, कधी दारू. ‘तुझ्या आयुष्यातला प्रसंग सांग’ असं म्हणताना पुढे काय येईल याची तयारी शिक्षकाची हवी. ती फाइल पालकांना विचारल्याशिवाय कुठल्याही ग्रुपवर जाता कामा नये, मुख्याध्यापकांच्यासुद्धा. बोकडाला असली भीती नसते. हजेरीला ‘यस मॅडम’ हेही ओठातल्या ओठात पुटपुटणारा एक मुलगा होता. त्यानंच ‘आय वॉज हंग्री’ म्हटलं, आणि असं खणखणीत की रेकॉर्डिंगमध्ये आवाज फाटला. बोलत होता बोकड, त्याचं काय जाणार होतं! अशा मुलाला आधी मातीमागे लपू द्यावं.

गुण देताना मी दोन्हीकडे स्क्रीन झाकते. आधी नुसता आवाज ऐकायचा. डिजिटल गोष्ट कान देऊन कळली पाहिजे, नाही कळली तर फोटो कितीही सुंदर असोत, ती परत जाते. ॲनिमेशन झाकून कळत नाही आणि कळायला नकोच. तिथं मी बनवतानाच्या तासाची टिपणं काढते, कोण काय बोललं ती.

सोलांच्या गोष्टीत एक जागा शेवटपर्यंत अडली होती. आजी ओरडते तिथं मुलीनं लिहिलं होतं, ‘पिक अप द कोकम स्किन्स, द रेन हॅज कम!’ व्याकरण ठीक होतं. पण वाचताना तिचा आवाज दर वेळी तिथंच पडायचा. शेवटी तीच म्हणाली, ‘मॅडम, आजी अशी बोलणारच नाही.’ मग काय करूया, मी विचारलं. आठव्या रेकॉर्डिंगमध्ये ‘माय ग्रँडमदर शाउटिड’ इथपर्यंत नीट इंग्रजी आहे आणि त्यापुढे तिनं आजीचाच सूर लावलाय: ‘सोलां उचला गो, पावस इलो!’ मी एकही गुण कापला नाही.