क्रूझ धक्क्याला लागली, मग इंजिन बंद होतं का?

सुट्ट्या आल्या की नेरुळ-बेलापूरच्या सोसायटी ग्रुपवर मुंबई-गोवा क्रूझचे फोटो येणारच, डेकवरचा पूल, बुफे वगैरे, आणि खाली कोणीतरी विचारणार की पर हेड किती पडले. इंजिनाचं कोण विचारतंय!

तर बंद होत नाही. प्रोपेलर थांबतो, पण एसी, किचन, लिफ्ट, लाँड्री सगळं चालूच असतं ना, त्यामुळे जनरेटरही चालू. २०२४ मध्ये आलेल्या 'आयकॉन ऑफ द सीज'वर नुसते प्रवासीच ७,६०० पर्यंत मावतात, क्रू वेगळा, म्हणजे अख्खं टॉवरवालं कॉम्प्लेक्स दिवसभर जनरेटरवर चालवल्यासारखं झालं.

त्यात तेल कसलं? पेट्रोल-डिझेल काढून घेतल्यावर रिफायनरीत तळाला उरतं ते जाड, काळं तेल बरीच जहाजं जाळतात. त्यातल्या गंधकाची जागतिक मर्यादा २०२० मध्ये ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आणली. भारी वाटतं, पण आपल्या पंपावरच्या बीएस-६ डिझेलच्या मर्यादेपेक्षा हे अजून ५०० पट जास्त आहे!

आणि यातही पळवाट आहेच. तेल जुनंच वापरायचं आणि धुराड्यात स्क्रबर बसवायचा. तो धुरावर समुद्राचं पाणी फवारतो, पाण्यातल्या क्षारांमुळे सल्फर डायऑक्साइड त्यात शोषला जातो, धूर बऱ्यापैकी साफ होतो, आणि ते आम्लधर्मी झालेलं, जड धातू नि काजळीतली रसायनं असलेलं पाणी ओपन-लूप प्रकारात सरळ समुद्रात सोडतात. म्हणजे हवेतली घाण पाण्यात, झालं काम. खुल्या समुद्रात ते पातळ तरी होतं, बंदिस्त बंदरात किंवा आपल्या ठाणे खाडीसारख्या चिंचोळ्या पाण्यात तेवढं होणार नाही. सिंगापूरने २०२० पासून बंदरात असं पाणी सोडायला बंदी घातलीय.

गर्दीचा ताप वेगळाच. पोटभर नाश्ता करून उतरलेली, जेवायला परत बोटीवर जाणारी माणसं गावात कितीसा खर्च करणार? क्रोएशियातल्या डुब्रॉव्हनिक शहराने दिवसाला दोनच जहाजं घ्यायचं ठरवलं, व्हेनिसने ऑगस्ट २०२१ पासून मोठी जहाजं शहराच्या मधल्या कालव्यातून हटवली. पण हटवलेली जहाजं दुसऱ्या कुठल्यातरी धक्क्याला लागतातच की.

मला पटतो तो उपाय म्हणजे धक्क्यावरूनच जहाजाला वीज द्यायची आणि जनरेटर बंद. अलास्कातल्या जुनोमध्ये २००१ पासून हे चालू आहे, फक्त तिथली वीज धरणाच्या पाण्यावरची. मुंबईत असं केलं तर बंदरातला धूर नक्की थांबेल, पण महाराष्ट्राची बरीचशी वीज कोळशाची, त्यामुळे थोडा धूर चंद्रपूरकडे निघेल.