‘ऑक्सिजनवर आहेत’ एवढं लिहून भागत नाही

समजा, इंदूरच्या रामबागेतल्या एका आजोबांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि आकडा आला ९३ टक्के. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण त्या वेळी नाकात नळी होती की नव्हती? साध्या हवेवर ९३ असेल तर घरी ऑक्सिजन लावायची गरज बहुधा नाही. मिनिटाला तीन लिटर घेऊनही ९३ च असेल, तर फुफ्फुसं बरीच थकलेली आहेत. कागदावर मात्र दोन्हीकडे ‘९३’ एवढंच उमटतं.

हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. नळीतून दर मिनिटाला एक लिटर सोडला की श्वासातलं प्रमाण ढोबळमानाने चार टक्क्यांनी वाढतं, म्हणजे दोन लिटरवर साधारण २८ टक्के. त्यामुळे प्रवाह न लिहिता घेतलेल्या नोंदीचा पुढच्या डॉक्टरला फारसा उपयोग नसतो.

जुनाट आजारात कायमचा ऑक्सिजन सुरू करण्याची रूढ मर्यादा अशी: साध्या हवेवर, विसाव्यात, धमनीतल्या रक्तात ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या मापात ५५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी, अथवा ऑक्सिमीटरवर ८८ किंवा त्याखाली. ही रेषा मनमानी नाही. दाब ६० च्या वर असेपर्यंत हिमोग्लोबिन ऑक्सिजन नीट धरून ठेवतं. त्याखाली दाब थोडा घसरला तरी आकडा झपाट्याने कोसळतो. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे, म्हणून श्वासनलिकेत पोचणाऱ्या ऑक्सिजनचा दाब मुंबईपेक्षा साधारण दहा मिलिमीटर कमी असतो. धडधाकट माणसाला ते जाणवतही नाही, काठावरच्या रुग्णाला जाणवू शकतं. मुंबईहून आलेल्या रुग्णाचा आकडा कुठे मोजला होता, तेही म्हणून लिहावं.

तासांची नोंदही तितकीच मोलाची. १९८० आणि १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांतून दिसलं, की ऑक्सिजन फार कमी असलेले सीओपीडीचे (श्वासमार्ग अरुंद करणाऱ्या फुफ्फुसांच्या जुनाट आजाराचे) रुग्ण रोज किमान पंधरा तास तो घेत राहिले तर जास्त जगतात. उलट २०१६ च्या एका मोठ्या चाचणीत विसाव्यात ८९ ते ९३ असलेल्यांना घरच्या ऑक्सिजनने आयुष्यात फरक पडलेला दिसला नाही. ‘त्रास झाला की लावा’ हा सल्ला आपल्याकडे सर्रास चालतो. पंधरा तासांच्या उपचाराशी त्याचा काही संबंध नाही. आणि जास्त लावणंही बरं नव्हे. सीओपीडीच्या ज्या रुग्णांत कार्बन डायऑक्साइड साचण्याचा धोका असतो, त्यांचं लक्ष्य ८८ ते ९२ ठेवतात. ते लिहिलेलं नसेल तर कुणीतरी काळजीपोटी प्रवाह वाढवून ९९ करतो.

आता कोडिंग, म्हणजे फाइलमधल्या निदानांना ठरावीक सांकेतिक क्रमांक देणं. भारतात बसून अमेरिकेतल्या रुग्णांच्या फायली वाचणारे असंख्य कोडर आहेत. तिथल्या आयसीडी-१० या सांकेतिक क्रमांकांच्या यादीमध्ये पूरक ऑक्सिजनवरच्या अवलंबित्वाला झेड ९९.८१ हा कोड आहे. तो आजार सांगत नाही, अवस्था सांगतो. सीओपीडीचा कोड वेगळा, आणि ऑक्सिजनच्या कमतरतेसह जुनाट श्वसन-निकामीपणाचा जे ९६.११ वेगळा. आकडे पाहून कोडरला अंदाज आला, तरी डॉक्टरने निदान शब्दांत लिहिल्याशिवाय तो हा कोड लावू शकत नाही. न्यूमोनियात चार दिवस वॉर्डात ऑक्सिजन लागला, एवढ्यावरून झेड ९९.८१ होत नाही. तसा लावला, तर बरा होऊन घरी गेलेला माणूस कागदावर जन्मभर नळीला बांधलेला राहतो.

सगळ्यात जास्त चुकते ती चालण्याची नोंद. खुर्चीत ९१ असलेला माणूस न्हाणीघरापर्यंत जाऊन येतो तोवर ८४ वर येऊ शकतो. अमेरिकी सरकारी विमा, मेडिकेअर, अशा वेळी एकाच बैठकीतले तीन आकडे मागतो: साध्या हवेवर बसून, साध्या हवेवर चालून आणि ऑक्सिजन लावून चालताना. तिसरा आकडा बऱ्याचदा राहून जातो, आणि ऑक्सिजनने खरंच फरक पडतो का हे नेमकं तोच सांगतो.