प्लॅब की यूएसएमएलई : एका जुन्या निवडीची पार्श्वभूमी

एमबीबीएसनंतर परदेशात पदव्युत्तर प्रशिक्षण घेऊ पाहणाऱ्यांपुढे आज जर्मनी आणि ऑस्ट्रेलियाही आहेत. पण दीर्घकाळ प्रश्न एवढाच असे, की ब्रिटनमध्ये काम करण्यासाठीची प्लॅब ही परीक्षा द्यायची की अमेरिकेची यूएसएमएलई. भारतीय पदव्यांची ब्रिटनमधील सरसकट मान्यता 1975 मध्ये संपली आणि परीक्षा आली, तरी ओघ आटला नाही, कारण प्रशिक्षणासाठी येणाऱ्या डॉक्टरांना तिथे वर्क परमिट लागत नसे. प्लॅब स्वस्त होती आणि लवकर उरकत असे. अमेरिकेची तयारी लांबलचक आणि खर्चिक.

हे गणित 2006 मध्ये बिघडले. त्या वर्षीच्या मार्चमध्ये ब्रिटिश सरकारने परमिटची सवलत रद्द केल्याचे जाहीर केले आणि एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात नवा नियम लागू झाला. पूर्व लंडनच्या ईस्ट हॅम भागात एकेका खोलीत दाटीवाटीने राहून, प्रसंगी मंदिरातल्या जेवणावर दिवस काढत पहिल्या नोकरीची वाट पाहणारे परीक्षोत्तीर्ण भारतीय डॉक्टर त्या वेळी शेकड्यांनी होते. कुशल स्थलांतरितांच्या योजनेतून आलेल्यांना हा नियम थेट लागू होत नव्हता. मात्र आरोग्य खात्याने रुग्णालयांना सूचना धाडली, की स्थानिक किंवा युरोपीय उमेदवार उपलब्ध असेल तर मर्यादित मुदतीचा व्हिसा असलेल्या अशा परदेशी डॉक्टरांचा प्रशिक्षणाच्या जागेसाठी विचार करू नये. भारतीय वंशाच्या डॉक्टरांच्या एका संघटनेने या सूचनेला आव्हान दिले आणि एप्रिल 2008 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने ती बेकायदा ठरवली : स्थलांतराचे नियम जे देतात, ते खात्याच्या पत्रकाने आडवळणाने काढून घेता येत नाही. निकाल ऐतिहासिक असला तरी तो उशिरा आला, हेही नोंदवले पाहिजे. तोवर अनेक जण परतले होते आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत सरकारने खुद्द स्थलांतर नियमांतच दुरुस्ती करून नव्याने येणाऱ्यांची वाट अरुंद केली होती. ब्रिटनमध्ये देशी पदवीधरांची संख्या वाढत होती हे खरेच. परंतु वर्षानुवर्षे बोलावून घेतलेल्यांना महिन्याभराच्या अवधीत बाजूला सारणे, याचे समर्थन त्यातून होत नाही.

त्यानंतरच्या तुकड्यांमध्ये अमेरिकेचे आकर्षण वाढले, त्याचे मोठे कारण प्रस्तुत लेखकाच्या मते हा अनुभवच होता. तिथे मॅचमध्ये, म्हणजे उमेदवार आणि रुग्णालये यांची सांगड घालणाऱ्या वार्षिक प्रक्रियेत, जागा मिळाली की प्रशिक्षण सलग पूर्ण होते. अट आहे ती प्रशिक्षणार्थींना मिळणाऱ्या जे-1 व्हिसाची : प्रशिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी परतणे, किंवा डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे काम करून त्यातून सूट मिळवणे. अशा सूटीची राज्यनिहाय योजना 1994 पासून आहे. भारत सरकारने 2011 मध्ये डॉक्टरांना ‘परतण्याचे बंधन नाही’ असे प्रमाणपत्र देणे थांबवले, पण जे-1 वर प्रशिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांना त्या आधारे सूट मिळण्याची सोय अमेरिकी कायद्यात आधीही नव्हती. परतणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र, भारताने 2008 मध्ये पाच इंग्रजीभाषक देशांच्या पदव्युत्तर पदव्या मान्य केल्या, ही गोष्ट अधिक महत्त्वाची ठरली.

ऑक्टोबर 2019 मध्ये ब्रिटनने सर्व डॉक्टरांना टंचाईच्या व्यवसायांच्या यादीत घातले आणि परदेशी पदवीधर पुन्हा स्थानिकांच्या बरोबरीने अर्ज करू लागले. अमेरिकेत 2021 मध्ये, केवळ पाच शहरांत होणारी आणि त्यासाठी विमानप्रवास करायला लावणारी क्लिनिकल स्किल्स (रुग्ण तपासण्याच्या कौशल्याची) परीक्षा कायमची बंद झाली. जानेवारी 2022 पासून यूएसएमएलईच्या पहिल्या टप्प्याचे, म्हणजे स्टेप 1 चे, गुणही गेले. उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढेच कळू लागल्याने, नावाजलेल्या महाविद्यालयाचा शिक्का नसलेल्या, पण गुणांच्या जोरावर पुढे येणाऱ्या परदेशी उमेदवाराचे हुकमी पान हातून गेले आणि सारा भार स्टेप 2 वर आला.

अलीकडे दोन्ही दारे एकाच वेळी अर्धी लोटलेली दिसतात. ब्रिटनमध्ये 2025 साली सुमारे 10,000 जागांसाठी 30,000 हून अधिक अर्जदार झाले आणि जानेवारी 2026 मध्ये देशी पदवीधरांना प्राधान्य देणारे विधेयक मांडले गेले. या वेळी पत्रक नव्हे, रीतसर संसदेतच. अमेरिकेत मे 2025 मध्ये, 1 जुलैला रुजू होण्याच्या तोंडावर, जे-1 च्या नव्या मुलाखतींच्या वेळा काही आठवडे थांबवल्या गेल्या. सप्टेंबरमध्ये परदेशातून येणाऱ्यांच्या एच-1बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर 1,00,000 डॉलरचे शुल्क लागले, तेव्हा परतीची अट टाळण्यासाठी तो व्हिसा देणारी रुग्णालये शोधणाऱ्यांपुढे बहुतांशी जे-1 च उरला.