पॅरेडमधला पाळणा आला कुठून

नेदरलँड्समध्ये ॲमस्टरडॅमशेजारच्या ॲमस्टलव्हेनच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर ऑगस्ट आला की एक प्रश्न हमखास पडतो, पॅरेड फेस्टिव्हलला पोरांना नेता येतं का हो, की ते सगळं नाटकवाल्यांचंच असतं? नेता येतं, बिनधास्त न्या. पण हा प्रश्न दर वर्षी पडतो, त्यावरून आमच्या घरी चहावर बराच वाद झाला आणि मग मी थोडं खोदून बघितलं, कारण नाटक एकीकडे आणि पाळणे-खाऊ दुसरीकडे ही जी वाटणी आपण गृहीत धरतो ती इथेही होती आणि चांगली शंभर वर्षं होती, आणि ज्या लोकांनी ती मोडली त्यांनीच हा फेस्टिव्हल उभा केलाय.

आधी पॅरेड म्हणजे काय ते, कारण नावावरून लोकांना संचलन वाटतं. तसलं काही नाही. रॉटरडॅम, हेग, उट्रेख्त आणि ॲमस्टरडॅम अशा शहरांत उन्हाळाभर फिरणारं तंबूंचं गाव आहे हे, ॲमस्टरडॅममध्ये ॲमस्टल नदीच्या काठी मार्टिन ल्यूथर किंग पार्कात उतरतं. गोल करून तंबू, प्रत्येक तंबूत अर्ध्या-पाऊण तासाचा प्रयोग, प्रत्येकाचं तिकीट वेगळं. आणि गंमत ही की प्रयोगाआधी नट स्वतः बाहेर येऊन ओरडतात, गातात, एखादा शिडीवर चढतो, एखादी बाई तुमच्या पोराची टोपी पळवते, सगळं कशासाठी तर तुम्ही त्यांच्या तंबूत शिरावं म्हणून. तंबूच्या दारात फुकट नमुना दाखवायच्या ह्या प्रकाराला जुन्या जत्रेतले लोक परेड म्हणायचे, नाव तिथून आलंय.

आणि जत्रा म्हटलं की गोष्ट सुरू होते केर्मिसपासून. केर्मिस म्हणजे इथली जत्रा, शब्द आला केर्कमिसवरून, म्हणजे चर्चमधली मिस (प्रार्थना), देवळाच्या वर्धापनदिनाचा उत्सव म्हणा. आपल्याकडे ग्रामदैवताची जत्रा असते अगदी तसंच, देवासाठी सुरू झालं आणि देव बाजूला राहून बाजार मोठा झाला. केर्मिसच्या दिवसांत बाहेरगावच्या व्यापाऱ्यांनाही शहरात येऊन माल विकायची मोकळीक असायची, एरवी स्थानिक कारागिरांच्या संघटना त्यांना उभं करायच्या नाहीत. मालाबरोबर डोंबारी आले, अस्वलवाले आले, दात उपटणारे आले, बाहुल्यावाले आले, फिरती नाटकमंडळी आली. नाटक, सर्कस, खाणं, पाळणा सगळं एकाच चिखलात, आणि पोरं कुणाच्या तरी खांद्यावर. मुलांसाठी वेगळं असं काही नव्हतं कारण मोठ्यांसाठीही वेगळं काही नव्हतं.

खाण्याचं एक सांगतो, मग पुढे. केर्मिसचा जुना ठेला म्हणजे पोफर्चेसचा. रुपयाएवढे फुगीर गोड घावन, वर लोणी आणि पिठीसाखर, आणि ते ज्यात भाजतात तो तवा बघून आईने पहिल्या दिवशीच म्हटलं, अगं हे तर आप्पेपात्र! तसंच आहे, फक्त खळगे उथळ आणि एका वेळी शंभरेक होतील एवढा मोठा, आणि ठेलेवाला काट्याने असा पटापट पलटी मारतो की पोरं तिथेच खिळून राहतात. दुसरा प्रकार ओलीबोलन, तो सरळसरळ गुलगुल्याचा सख्खा भाऊ, आत बेदाणे घातलेला.

तर एवढी चांगली चाललेली जत्रा शहरातून गेली कशी? एकोणिसाव्या शतकात शिकल्यासवरलेल्या लोकांना आणि पाद्र्यांना ती डोळ्यात खुपायला लागली. दारू, मारामाऱ्या, पोरीबाळींची बदनामी, मजुरांचा आठवड्याचा पगार एका रात्रीत उडतो वगैरे वगैरे, आणि खोटं काय म्हणा, यातलं बरंचसं घडतही असणार. शिवाय दुकानं झाली होती, मालासाठी जत्रेची गरज उरली नव्हती. ॲमस्टरडॅमच्या कौन्सिलने केर्मिस बंद केली, आणि सप्टेंबर १८७६ मध्ये जेव्हा खरंच ती भरली नाही तेव्हा लोकांनी रस्त्यावर उतरून दंगल केली, तिला अजून केर्मिसचं बंड म्हणतात. पाळण्यासाठी दंगल! उपयोग झाला नाही. दक्षिणेकडच्या कॅथलिक भागात मात्र केर्मिस टिकली, टिलबुर्गची तर आजही बेनेलक्समधली (म्हणजे बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग मिळून) सगळ्यात मोठी, जुलैमध्ये दहा दिवस चालते.

मग मुलांचं काय? तर सभ्य लोकांनी सभ्य पर्याय काढला. ३१ ऑगस्ट १८८५ ला छोटी राजकन्या विल्हेल्मिना पाच वर्षांची झाली, त्या दिवशी उट्रेख्तमध्ये पहिल्यांदा राजकन्येचा दिवस साजरा झाला, तोच पुढे राणीचा दिवस झाला आणि आता २७ एप्रिलला राजाचा दिवस असतो. त्या दिवशीचे मुलांचे ठरलेले खेळ अजूनही बघायला मिळतात, पोत्यात पाय घालून शर्यत, आणि दोरीला टांगलेला मसाल्याचा केक हात मागे बांधून तोंडाने खायचा. (आमच्या चिरंजिवांनी केकऐवजी दोरीच चावली होती, ते असो.) म्हणजे पोरांना मिळाले शिस्तीचे खेळ, दिवसाउजेडी, दारूशिवाय. नाटक गेलं मखमली खुर्च्यांच्या थिएटरात. आणि पाळणेवाले गेले गावाबाहेर.

ही वाटणी मग पक्की होत गेली. १९४७ पासून आल्डो व्हान आइक नावाच्या आर्किटेक्टने ॲमस्टरडॅमच्या चौकाचौकांत आणि घरांच्या मधल्या रिकाम्या प्लॉटवर मुलांसाठी खेळायच्या जागा केल्या, तीसेक वर्षांत सातशेच्या वर, वाळूचा हौद, उड्या मारायला काँक्रीटचे ठोकळे, लोखंडी कमानी, बस. फार सुंदर काम आहे, त्यावर कुणी वेगळं लिहायला पाहिजे. १९५२ मध्ये एफ्टेलिंग ह्या करमणुकीच्या बागेतलं परीकथांचं जंगल उघडलं, ते काढलं चित्रकार आन्टोन पीकने. आणि पुढे त्याच एफ्टेलिंगने १८९५ चं एक जुनं वाफेवर चालणारं मेरी-गो-राऊंड विकत घेऊन आत ठेवलं, म्हणजे जी केर्मिस शहराने हाकलली तिचा घोडा शेवटी तिकीट काढून बघायच्या बागेत जाऊन उभा राहिला. शहरात टिकला तो ॲमस्टरडॅमच्या डाम चौकातला पॉपेनकास्ट तेवढा. पॉपेनकास्ट म्हणजे शब्दशः बाहुल्यांचं कपाट, त्यात यान क्लासेन आणि त्याची बायको कात्रेन यांची भांडणं, दांडक्याने हाणामारी, आणि पोरं खालून ओरडून यानला सांगणार की अरे मागे बघ मागे बघ.

आता उलटा प्रवास. ९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री ॲमस्टरडॅमच्या मुख्य थिएटरात शेक्सपिअरचं ‘द टेम्पेस्ट’ चालू होतं, संपल्यावर नाट्यशाळेतल्या पोरांनी नटांवर टोमॅटो फेकले. म्हणणं असं की हे सगळं साचलेलं आहे, कुणासाठी करताय? ह्याला टोमॅटो ॲक्शन म्हणतात आणि डच नाटकाच्या इतिहासात त्याच्या आधीचं आणि नंतरचं असे दोन भाग सरळ पडतात. दोन वर्षांत तो प्रयोग करणारी मोठी नाटक कंपनी बंद पडली, सरकारी पैसा लहान लहान ग्रुपकडे वळायला लागला, आणि हे ग्रुप थिएटरात मावेनात. वेर्कतेआटर नावाचा ग्रुप तुरुंगात, हॉस्पिटलात प्रयोग करायचा आणि उन्हाळ्यात तंबू घेऊन निघायचा. डॉगट्रूप १९७५ चा, तो तर उघड्यावर लोखंड, आग, पाणी घेऊनच खेळायचा. त्याच वर्षी ॲमस्टरडॅममध्ये फेस्टिव्हल ऑफ फूल्स सुरू झाला, अमेरिकन विदूषक जँगो एडवर्ड्सच्या मंडळींनी केलेला, जगभरचे जोकर शहरात. आणि ह्याच काळात मुलांसाठीचं नाटकही बदललं, परीराणी आणि ससोबा सोडून आईबापांची भांडणं, शाळा, एकटेपणा ह्यावर प्रयोग व्हायला लागले. माझ्या मते हा सगळ्यात मोठा बदल आहे आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं, कारण आज पॅरेडमध्ये दुपारी मुलांचं म्हणून जे दाखवतात ते बघताना शेजारी बसलेला बाप्या माणूस डोळे पुसत असतो ते त्यामुळे.

बाहेर पडायची ही हौस मग दोन दिशांनी गेली. एक समुद्रात. टेरस्खेलिंग बेटावर मिड्सलँडमध्ये कॅफे चालवणारा योप मुल्डर, त्याने १९८२ मध्ये ऊरोल सुरू केला. ऊरोल म्हणजे तिथल्या बोलीत सगळीकडे. पूर्वी बेटावरची गुरं ठराविक काळात मोकळी सोडायचे, कुठेही चरा, त्याला हा शब्द होता, मुल्डरने गुरांच्या जागी नट सोडले. जूनमध्ये दहा दिवस, वाळूच्या टेकड्यांत, गोठ्यात, जंगलात, किनाऱ्यावर प्रयोग, आणि प्रेक्षक सायकलवर. हार्लिंगेनहून बोटीने दोन तास, मग मुलाला मागच्या सीटवर बांधून वाऱ्याविरुद्ध पेडल मारायचं. हा वारा फुकट मिळतो, ते कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. मुल्डर २०२१ च्या जानेवारीत गेला.

दुसरी दिशा म्हणजे जत्राच परत आणायची. टेर्ट्स ब्रिंकहॉफने ऐंशीच्या दशकात बुलेवार्ड ऑफ ब्रोकन ड्रीम्स नावाचं फिरतं तंबूगाव काढलं, आणि त्यातूनच नव्वदच्या सुरुवातीला पॅरेड आली. ह्या लोकांनी केर्मिसकडून नुसता तंबू नाही घेतला, आख्खा नकाशा घेतला. रंगवलेल्या दर्शनी फळ्या, लाकडी गाड्या, आरसे लावलेले नाचाचे तंबू (ते मूळ बेल्जियमचे), खाण्याचे ठेले आणि मधोमध झ्वेफमोलन. झ्वेफमोलन म्हणजे आपला साखळीचा पाळणा, वर छत्री फिरते आणि खाली खुर्च्या लांब लांब उडतात. पॅरेडची खूण म्हणून लोक तोच दाखवतात, नाटक नाही. म्हणून मला ग्रुपवरचा तो प्रश्न उलटा वाटतो, पाळणा हा मुलांना गप्प करायला नाटकाच्या बाजूला ठेवलेला नाही, नाटकच पाळण्याच्या शेजारी परत राहायला आलंय.

तक्रार नाही असं नाही. आता तंबूगणिक तिकीट काढत चौघांचं कुटुंब फिरलं की खिशाला बऱ्यापैकी भोक पडतं, आणि १८७६ मध्ये ज्यांनी दंगल केली त्यांची पणतवंडं तिथे कितपत येत असतील देव जाणे, दिसतात ते बहुतेक बाकफिट्सवाले, म्हणजे पुढे लाकडी पेटी असलेल्या सायकलीतून पोरं आणणारे. जत्रा परत आली पण जत्रेची माणसं सगळीच आली असं नाही.

आमचं म्हणाल तर आम्ही दोन तंबू आणि एक पोफर्चेसची प्लेट एवढ्यावर थांबतो. मागच्या खेपेला बाहुल्यांच्या प्रयोगातून पोरगी मधेच उठून आली, तिला म्हटलं काय झालं, तर म्हणे त्या बाहुलीला बाहेर पाळण्याचा आवाज ऐकू येतोय आणि तिला जाता येत नाहीये. साडेआठ वाजले होते, ऑगस्टच्या मध्यापर्यंत इथे तेव्हाही तिरपं ऊन असतं, खुर्च्यांच्या सावल्या गवतावरून गोल गोल पळत होत्या. मग गेलो रांगेत उभे.